तीन शहरांसाठी सव्वादोन ग्रॅम

उल्हासनगर, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या तिन्ही शहरांची २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या एकत्र केली तर ती सव्वानऊ लाखांच्या आसपास भरते. आता ती बरीच वाढली आहे, पण हिशोबापुरता तोच आकडा धरू. या सगळ्या माणसांना, कॅम्प नंबर पाचपासून बारवी धरणाच्या रस्त्यापर्यंत राहणाऱ्या प्रत्येकाला, एका दिवसात लागणारं बी-१२ जीवनसत्त्व एकत्र केलं तर त्याचं वजन किती होईल? माणशी रोजची गरज सुमारे २.४ मायक्रोग्रॅम. म्हणजे सव्वानऊ लाख माणसांसाठी सव्वादोन ग्रॅम. चहाचा चमचासुद्धा भरणार नाही.

ही तिन्ही शहरं दिवसाला तांदूळ, गहू, डाळ, भाजी टनांनी खातात. त्या सगळ्या ढिगाला या सव्वादोन ग्रॅमची जागा घेता येत नाही. हा कण काही वर्षं मिळाला नाही, तर हातापायांना मुंग्या येतात, जीभ लाल होऊन झोंबते, जिना चढताना धाप लागते, आठवण दगा देते आणि शेवटी मज्जारज्जूवरचं आवरण झिजू लागतं. ही झीज फार पुढे गेली तर भरून येत नाही.

दूध, दही, तूप, पनीर, मध असं प्राण्यांकडून आलेलं काहीही न खाणाऱ्यांना, म्हणजे व्हिगन मंडळींना, सगळे एकच प्रश्न विचारतात: मग प्रोटीन कुठून मिळतं? मला वाटतं, हा प्रश्न चुकीच्या जागी बोट ठेवतो. वरणभात आणि उसळ-भाकरी नीट खाणाऱ्याला प्रोटीनची फार धास्ती बाळगायचं कारण नाही. डाळीत जे अमिनो आम्ल कमी असतं ते तांदळात असतं, तांदळात जे कमी ते डाळीत. खरी जोखीम त्या सव्वादोन ग्रॅममध्ये आहे आणि तिची गोष्ट इतकी विलक्षण आहे की ती पूर्ण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बी-१२ कोणतीही वनस्पती बनवत नाही. कोणताही प्राणी बनवत नाही. बुरशीही नाही. पृथ्वीवर हे काम फक्त जिवाणू आणि त्यांच्यासारखेच सूक्ष्म असे आर्किया करतात. गाय बी-१२ तयार करत नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात राहणारे जिवाणू करतात आणि गाय ते शोषून घेते. त्यातलं थोडं दुधात उतरतं. म्हणजे दूध पिणारा माणूसही शेवटी जिवाणूंचंच बी-१२ घेत असतो, फक्त गोठ्यामार्गे.

त्या जिवाणूंनाही एक कच्चा माल लागतो: कोबाल्ट हा धातू. औषधात वापरल्या जाणाऱ्या बी-१२च्या एका रेणूत १८१ अणू असतात आणि त्यांच्या मधोमध कोबाल्टचा एकच अणू बसलेला असतो. या जीवनसत्त्वाचा रंग डाळिंबासारखा लाल असतो. बी-१२चं इंजेक्शन लाल दिसतं ते यामुळे. जमिनीत कोबाल्ट नसेल तर काय होतं, हे न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांनी पाहिलं होतं. हिरव्यागार कुरणात चरणाऱ्या मेंढ्या पोटभर गवत खाऊन खंगत आणि मरत. लोहाची कमतरता असेल असं समजून त्यांना लोहाचे खनिज क्षार दिले, तर काही ठिकाणी त्या सुधारल्या, काही ठिकाणी नाही. १९३५च्या सुमारास ऑस्ट्रेलियात एरिक अंडरवूड आणि जॉन फिल्मर यांनी उलगडा केला: उपयोग लोहाचा नव्हता, त्या खनिजात अशुद्धी म्हणून आलेल्या कोबाल्टचा होता. मेंढीच्या पोटातल्या जिवाणूंना कोबाल्ट मिळत नव्हता, म्हणून ते बी-१२ बनवू शकत नव्हते, म्हणून मेंढी भरल्या कुरणात उपाशी होती.

माणसाच्या मोठ्या आतड्यातही बी-१२ बनवणारे जिवाणू भरपूर असतात. पण हे जीवनसत्त्व शोषलं जातं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि कारखाना त्याच्या पुढे, खालच्या बाजूला. त्यामुळे तयार झालेला माल शरीराच्या हाती लागत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या अल्बर्ट, मॅथन आणि बेकर यांनी १९८० साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की दक्षिण भारतातल्या काही माणसांच्या लहान आतड्यातही असे जिवाणू असतात. शोध फार सुंदर आहे, पण त्याच्या भरवशावर कोणी राहू नये. आपल्या आतड्यात कोण राहतं आणि ते किती काम करतं, हे घरबसल्या कळायचा मार्ग नाही.

आता शोषणाची वाट पाहा. अन्नातलं बी-१२ पोटातल्या आम्लाने मोकळं होतं. लाळेतून आलेलं एक प्रथिन त्याला धरून आम्लापासून वाचवतं. लहान आतड्यात शिरल्यावर हा पहिला सोबती सुटतो आणि जठराने पाठवलेलं दुसरं प्रथिन त्याला ताब्यात घेतं. या जोडीला लहान आतड्याचं शेवटचं टोक गाठावं लागतं. तिथे तिला ओळखणारे ग्राही (रिसेप्टर) असतात. पेशीच्या आत गेल्यावर तिसरं प्रथिन त्याला रक्तातून पुढे नेतं. इतक्या हातांतून गेलेलं हे जीवनसत्त्व शरीरात पोहोचल्यावर किती ठिकाणी वापरलं जातं? माणसाच्या शरीरात हजारो एन्झाइम आहेत; त्यांतल्या फक्त दोघांना बी-१२ लागतं. पण त्या दोघांपैकी एक थांबलं की पेशींना नवा डीएनए बनवता येत नाही आणि दुसरं थांबलं की स्निग्ध पदार्थांच्या वाटेवरचं एक आम्ल साठू लागतं.

आतड्यातल्या त्या ग्राहींची संख्या मर्यादित असते. एका वेळच्या खाण्यातून या वाटेने जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम आत जातं, मग वाट भरून जाते. त्यापुढचं जे असेल त्यातलं सुमारे एक टक्का निव्वळ झिरपून आत शिरतं. व्हिगन माणसाच्या औषधाचं सगळं गणित याच दोन वाटांवर उभं आहे. रोजच्या अन्नात थोडं थोडं मिसळलेलं असेल तर दिवसाला तीन मायक्रोग्रॅम पुरतं. रोज एकच गोळी घ्यायची तर दहा मायक्रोग्रॅम लागतं. आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची तर दोन हजार! ब्रिटनची व्हिगन सोसायटी आपल्या सदस्यांना हेच तीन पर्याय सांगते. गोळीवर दोन हजार हा आकडा पाहून अनेकजण दचकतात. प्रत्यक्षात त्यातलं वीस-बावीस मायक्रोग्रॅमच शरीराला मिळतं.

या सोसायटीची स्थापना डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मूठभर मित्रांनी नोव्हेंबर १९४४मध्ये केली. तेव्हा जगात कोणालाच बी-१२ ठाऊक नव्हतं. त्याचा माग काढणं सुरू होतं, पण दुसऱ्याच वाटेने. १९२६मध्ये बोस्टनच्या मायनट आणि मर्फी यांनी जीवघेण्या पंडुरोगाच्या रुग्णांना रोज भरपूर यकृत खायला घालून वाचवलं होतं. त्यासाठी त्यांना व्हिपल या संशोधकाबरोबर १९३४चं नोबेल मिळालं. यकृतात नेमकं काय आहे हे मात्र कळत नव्हतं. एप्रिल १९४८मध्ये अमेरिकेतल्या मर्क कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी आणि जवळजवळ त्याच वेळी इंग्लंडमधल्या ग्लॅक्सोच्या लेस्टर स्मिथ यांनी बी-१२चे लाल स्फटिक वेगळे काढले. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या मदतीने १९५६पर्यंत त्याची पूर्ण रचना उलगडली. १९६४चं नोबेल त्यांना मिळालं. तो रेणू प्रयोगशाळेत अथपासून इतिपर्यंत बांधायला वुडवर्ड आणि एशेनमोझर यांच्या दोन गटांतल्या शंभराच्या आसपास रसायनशास्त्रज्ञांना दहा वर्षांहून जास्त काळ लागला आणि वुडवर्ड यांनी त्याची कहाणी फेब्रुवारी १९७२मध्ये नवी दिल्लीतल्या परिषदेत सांगितली. जे करायला शंभर माणसांना इतकी वर्षं लागली, ते जिवाणू बिनबोभाट करतात. म्हणून आजही कारखान्यात बी-१२ बनवायचं काम त्यांच्याकडेच असतं: मोठ्या टाक्यांमध्ये जिवाणू वाढवायचे, त्यांना थोडा कोबाल्ट द्यायचा आणि लाल पूड काढून घ्यायची. या टाकीत कोणताही प्राणी नाही. गाईच्या पोटात होतं तेच काम इथे स्टीलच्या भांड्यात होतं. अंबरनाथच्या एमआयडीसीतली रसायनांची भांडी रोज हाताळणाऱ्या कामगाराला हे समजवायला फार शब्द लागणार नाहीत.

या गोष्टीचा एक धागा आपल्या अगदी जवळून जातो. गांधीजींनी १९१२ साली दूध सोडलं होतं. गाई-म्हशींवर होणारे अत्याचार कळल्यावर त्यांनी आयुष्यभर दूध न घेण्याचं व्रत घेतलं. १९१८मध्ये खेडा जिल्ह्याच्या दौऱ्यात शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबं यांवर राहत असताना त्यांना जबरदस्त आव झाली आणि ते मरणाच्या दारात पोहोचले. हवापालटासाठी त्यांना माथेरानला आणलं गेलं. बदलापूरच्या पुढचं तिसरं स्टेशन नेरळ, तिथून वर. माथेरानचं पाणी जड, ते त्यांना मानवलं नाही आणि ते मुंबईला परतले. डॉक्टर दलालांनी सांगितलं की दूध घेतल्याशिवाय हे शरीर पुन्हा उभं करता येणार नाही. जोडीला लोह आणि आर्सेनिकची इंजेक्शनं सुचवली. दूध नाही म्हणजे नाही, यावर गांधीजी ठाम होते. तेव्हा कस्तुरबांनी मार्ग काढला: व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती ना, मग शेळीचं दूध का चालू नये? गांधीजींनी ते घेतलं आणि व्रताचा शब्द पाळला पण भाव मोडला, ही बोच त्यांना पुढे कायम राहिली. आत्मकथेत त्यांनी जाणकारांना आवाहनच केलं की दुधाइतकाच पोषक आणि पचायला हलका वनस्पतिज पदार्थ कोणाला अनुभवाने ठाऊक असेल तर कळवावा.

त्यांचं दुखणं आवेचं होतं. ते बी-१२च्या अभावाने झालं असं म्हणायला आधार नाही. पण दूध सोडून वर्षानुवर्षं जगता येईल का, या त्यांच्या प्रश्नाच्या उत्तरातला एक महत्त्वाचा तुकडा तेव्हा कोणाकडेच नव्हता. ३० जानेवारी १९४८ला त्यांची हत्या झाली. लाल स्फटिकांची बातमी छापली गेली ती त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. या दोन तारखांमध्ये अडीच महिन्यांचं अंतर आहे, आणि ते वाचताना मला दर वेळी हळहळ वाटते.

दुसरा धागा परळहून निघतो. १९२८मध्ये लूसी विल्स नावाची ब्रिटिश डॉक्टर मुंबईला आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी, पण आकाराने मोठ्या. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना तिने माकडांवर प्रयोग केले, आहार तपासले, आणि तिला दिसलं की यीस्टचा स्वस्त अर्क दिला की हा आजार बरा होतो. १९३१मध्ये तिने ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे पुढे पालकाच्या पानांतून वेगळं काढलेलं फोलेट, फोलिक ॲसिड. आज जगभर गरोदर बायकांना दिली जाणारी ती गोळी गिरणगावातल्या बायकांच्या रक्तातून सापडली.

फोलेट आणि बी-१२ एकाच एन्झाइमवर एकत्र काम करतात, आणि व्हिगन माणसाचा खरा धोका इथे दडलेला आहे. आपल्या जेवणात फोलेट भरपूर: डाळी, चणे, पालक, मेथी, चवळी. उल्हासनगरच्या घराघरांत शिजणारी साई भाजी घ्या. पालक, आंबट चुका, चणाडाळ, फोलेटचा खजिनाच. भरपूर फोलेट मिळत असलं की बी-१२ कमी असूनही तांबड्या पेशी बऱ्यापैकी बनत राहतात. रक्ताच्या साध्या तपासणीत हिमोग्लोबिन ठीक येतं. डॉक्टर म्हणतात, सगळं नॉर्मल आहे. आणि इकडे मज्जातंतूंची झीज चालूच राहते. त्यात भर म्हणजे शरीरात, मुख्यतः यकृतात, बी-१२चा दोन-पाच मिलिग्रॅम साठा असतो आणि शरीर तो पित्तातून सोडून पुन्हा शोषून जपून वापरतं. दूध सोडलेल्या माणसाला त्यामुळे पहिली दोन-चार वर्षं काहीच जाणवत नाही. तो सांगतो, मी तीन वर्षं व्हिगन आहे, गोळी कधीच घेतली नाही, मला काही झालेलं नाही. तो खरं बोलत असतो. तो जुना साठा खर्च करत असतो.

जगाच्या पाठीवरचं एक निरीक्षण. ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात व्हिगन पुरुषांपैकी निम्म्याहून अधिकांच्या रक्तात बी-१२ कमतरतेच्या पातळीखाली सापडलं. आणि आता आपल्याकडचं, जे मला जास्त धक्कादायक वाटतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडी, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तिन्ही ठिकाणच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. ही माणसं व्हिगन नव्हती. बहुतेकांच्या घरी चहात दूध, ताटात दही असणार. पण शंभर मिलिलीटर दुधात बी-१२ जेमतेम ०.४ मायक्रोग्रॅम असतं; दिवसभराची गरज निव्वळ दुधातून भागवायची तर अर्धा लिटरहून जास्त प्यावं लागेल, आणि दूध उकळताना त्यातलं काही जातं ते वेगळंच. म्हणजे दोन कप चहातलं दूध सोडून व्हिगन झालेला महाराष्ट्रातला माणूस मुळात रिकाम्या होत आलेल्या साठ्यावर सुरुवात करत असतो. युरोपातल्या माणसाला मिळतात ती निर्धास्त वर्षं त्याला मिळतीलच असं नाही. म्हणून आपल्याकडे व्हिगन होणाऱ्याने तपासणी पहिल्याच महिन्यात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

याज्ञिकांच्या पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडीने तर ही गोष्ट आईच्या गर्भापर्यंत नेली. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणापासून आणि पुढे त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा त्यांनी केला. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. ही मुलं लठ्ठ दिसत नाहीत; हडकुळीच असतात, पण हाडामांसाच्या मानाने चरबी जास्त. मधुमेह आणि हृदयविकाराची वाट इतक्या आधीपासून आखली जाऊ शकते, हे या महाराष्ट्रातल्या गावांनी जगाला दाखवलं. याच्याही आधी, १९६२ साली, वेल्लोरच्या जाधव, वेब, वैष्णव आणि बेकर यांनी 'लॅन्सेट'मध्ये अंगावरच्या दुधावर वाढणाऱ्या काही बाळांचं वर्णन केलं होतं: सुस्त, फिकट, शिकलेलं विसरू लागलेली, हातपाय थरथरणारी. आईच्या दुधात बी-१२ नव्हतं, कारण आईतच नव्हतं.

बाजारात आणि मोबाइलवर बी-१२ची जी शाकाहारी ठिकाणं सांगितली जातात, त्यांवर विश्वास ठेवू नका. स्पिरुलिनात त्याचं एक रूप असतं, पण माणसाच्या शरीराला न चालणारं. आणि काही तपासण्यांना तेही बी-१२ वाटतं. मोड आलेली कडधान्यं, इडली-डोशाचं आंबलेलं पीठ, मश्रूम, यांपैकी कशावरही विसंबता येत नाही. पोषणमूल्य वाढवलेल्या तांदळात लोह आणि फोलिक ॲसिडबरोबर बी-१२ घालतात. सरकारने २०२१मध्ये रेशनवर असा तांदूळ द्यायची घोषणा केली. कल्पना चांगली आहे. पण मानकानुसार किलोभर तांदळात बी-१२ असतं साधारण एक मायक्रोग्रॅम. दिवसाला पाव किलो तांदूळ खाणाऱ्याला त्यातून गरजेचा दहावा हिस्सा मिळेल. पुड्यावरचं अधिक एफ हे चिन्ह पाहून गोळी सोडू नये.

इतकं एका कणाबद्दल. बाकीच्या बहुतेक गोष्टींसाठी या तीन शहरांचा बाजार पुरेसा समृद्ध आहे, आणि त्यातलं शहाणपण पाहून मी थक्क होते.

वालाचं बिरडं घ्या. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे. दाण्यात फॉस्फरसचा साठा फायटिक आम्लाच्या रूपात असतो. हेच आम्ल आपल्या आतड्यात लोह आणि जस्ताला घट्ट धरून ठेवतं आणि शोषू देत नाही. पण दाण्याला अंकुर फुटायला लागला की रोपाला तो फॉस्फरस हवा असतो, म्हणून दाणा स्वतःच ते आम्ल फोडणारं एन्झाइम कामाला लावतो. ठाण्या-रायगडातल्या बायका बिरड्यासाठी पिढ्यान्पिढ्या हेच करत आल्या. वर कोकम किंवा लिंबू पडलं की बाजू आणखी सावरते, कारण क जीवनसत्त्व वनस्पतींतलं लोह शोषायला मदत करतं. जेवणावर लगेच कडक चहा प्यायला की त्यातले टॅनिन यातला बराचसा फायदा घालवतात. तासभर थांबा. एवढ्याने फरक पडतो.

सिंधी कढीही तशीच. दही नाही, ताक नाही. बेसन तेलात खमंग भाजायचं, त्यात शेवग्याच्या शेंगा, भेंडी, गवार, बटाटा, आणि आंबटपणा चिंचेचा किंवा कोकमाचा. फाळणीनंतर कल्याण कॅम्पच्या, म्हणजे आजच्या उल्हासनगरच्या, लष्करी बराकींत आलेल्या निर्वासितांनी सिंधमधून आणलेली ही कढी आज कोणत्याही व्हिगन पाककृतीच्या पुस्तकात पहिल्या पानावर शोभेल. पण त्याच शहरातल्या रस्त्यावरचं दाल-पकवानही व्हिगनच असतं, वडापावही, समोसाही. तळलेला मैदा प्राण्यांपासून आलेला नाही म्हणून हृदयाला मानवतो असं नाही. एपिक-ऑक्सफर्डच्या २०१९मधल्या निष्कर्षांत शाकाहारी आणि व्हिगन गटाला हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार मांसाहाऱ्यांपेक्षा २२ टक्के कमी आढळला, पक्षाघात मात्र २० टक्के जास्त. व्हिगन असणं हे स्वतः औषध नाही.

त्याच अभ्यासाने २०२०मध्ये हाडांबद्दल इशारा दिला: व्हिगनांमध्ये हाड मोडण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी जास्त. कमी कॅल्शियम, कमी प्रोटीन आणि कमी वजन ही कारणं त्यात गुंतलेली. आपल्याला रोज हजार मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. पालकात ते असतं, पण त्यातलं ऑक्झॅलेट ते बांधून ठेवतं, हाती फार थोडं लागतं. त्यापेक्षा शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असतं, तिळात त्याहून बरंच जास्त. शेवग्याचा पालाही मोलाचा. पावसाळ्यात बदलापूर स्टेशनबाहेर आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवळं घेऊन बसतात. ताटात जितकी विविधता येईल तितकी चांगली, आणि ती दहा-वीस रुपयांच्या जुडीने येते. चटणीत जवस घाला, ओमेगा-३साठी. आणि मिठाच्या बाबतीत सावध राहा: दूध आणि मासे सोडल्यावर आयोडीनचा मोठा आधार म्हणजे आयोडीनयुक्त मीठ. आरोग्याच्या नावाखाली रोजच्या स्वयंपाकात सैंधव वापरणारं व्हिगन घर तो आधारही काढून टाकतं.

उरलं ड जीवनसत्त्व. ते त्वचेत बनतं, सूर्याच्या अतिनील ब किरणांमुळे, आणि ते किरण जमिनीवर पोहोचतात ऊन डोक्यावर असताना. कोवळ्या उन्हाची कीर्ती आपल्याकडे फार आहे, पण त्यात हे किरण नावालाच असतात. तिरप्या वाटेने येताना हवेचा जाड थर ते शोषून घेतो. पहाटेची बदलापूर लोकल पकडून दिवे लागल्यावर परतणाऱ्या माणसाची सावली त्याला स्वतःला क्वचितच आखूड दिसत असेल. त्याने रविवारी अकरा ते दोनच्या दरम्यान काही वेळ हातपाय उघडे ठेवून उन्हात बसावं, आणि रक्त तपासून गरज असेल तर गोळी घ्यावी. व्हिगनांसाठी एक माहिती: बाजारातलं ड-३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून बनतं. दगडफुलासारख्या शैवाकांपासून काढलेलंही मिळतं, पुडा वाचून घ्यावा. व्हिगन पदार्थांसाठी २०२२पासून वेगळे सरकारी नियम आणि हिरवं चिन्ह आहे, त्याचाही उपयोग होतो.

शेवटी आई-वडिलांसाठी, कारण घराघरांत हा वाद मी ऐकते. मुलीने किंवा मुलाने दूध सोडलं की घरात रुसवेफुगवे सुरू होतात, आजी लपवून कणकेत तूप घालते. तसं करू नका. मुलांनी हा निर्णय विचार करून घेतलेला असतो, प्राण्यांच्या दुःखाचा विचार करून. त्यांना बी-१२, होमोसिस्टीन, ड जीवनसत्त्व, फेरिटिन आणि हिमोग्लोबिनची तपासणी करायला घेऊन जा. गोळी किती आणि कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर तेही सांगा, कारण त्या बी-१२चं शोषण कमी करतात. हातापायांना मुंग्या येत असतील तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नका. आणि घरात कोणी व्हिगन मुलगी लग्नाचा, बाळाचा विचार करत असेल तर बी-१२ची गोळी आजच सुरू करायला लावा. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा घडायला सुरुवात होते तेव्हा बहुतेक आयांना आपण गरोदर आहोत हे ठाऊकही नसतं.